मासेर ओजेनीच्या नावाचा झगा

शाळेची इमारत, जूनिये
६ मे १९८४

पूज्य मासेर ओजेनी,

स्वर्गात पत्र पाठवताना वर गाव कुठलं घालायचं ते कळेना, म्हणून आमचंच घातलं. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती, फुकट घालवणं जिवावर आलं. राग मानू नका. तुम्ही स्वतः आमच्या गावच्या दवाखान्यात पट्ट्या उकळून पुन्हा वापरायचात, तेव्हा तुम्हाला यात गैर वाटणार नाही.

हे पत्र मी तुमच्या फोटोमागे खोचणार आहे. तिथे आधीच इतक्या चिठ्ठ्या झाल्यात की चौकट भिंतीपासून सुटून पुढे झुकली आहे. आमचे पाद्री अबूना मिखाईल काल मिस्सा संपवून म्हणाले, "बायांनो, मासेर स्वर्गात गेल्या त्या विश्रांतीसाठी. तुम्ही त्यांना तिथेही ओपीडी लावून दिलीत." सगळ्या हसल्या. आज सकाळी पाहिलं तर एक चिठ्ठी अबूनांच्या अक्षरातली होती.

मी वदीआ. तानियोस सुताराची बायको, वरच्या आळीतली. माझ्या बाळंतपणात तानियोस दारातच घेरी येऊन पडला, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "याला बाजूला ओढा, मी एका वेळी एकीलाच सोडवते." ती मी. तेव्हा झालेली मुलगी म्हणजे मातिल्द, आता पाच पुरी होऊन सहावं लागलं. तिच्यासाठीच लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात आम्हा ख्रिस्त्यांची आणि द्रूझांची लढाई पेटली, दोन्ही डोंगरांवरून तोफा सुरू झाल्या आणि सगळं गाव उठलं, तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होता. तीन म्हातारी माणसं खाटेवर होती, त्यांना चालता येत नव्हतं. तानियोस तुम्हाला म्हणाला, "मासेर, ट्रकमध्ये एक जागा आहे." तुम्ही म्हणालात, "मग तुझ्या आईला बसव, तिचे गुडघे दुखतात." वळणावरून मागे पाहिलं तर दवाखान्याच्या छपरातून धूर निघत होता. त्या दिवसापासून आमच्या गावची प्रत्येक बाई तुमच्या नावाने दिवा लावते. इथे शाळेच्या एकेका वर्गात चार चार कुटुंबं राहतो, मध्ये घोंगड्या टांगल्यात. पण व्हरांड्यातली तुमच्या फोटोची जागा कुणी अडवत नाही.

मार्चमध्ये मातिल्दला ताप चढला. मान ताठ झाली, उजेड सहन होईना. इथल्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा ताप सांगितला, पाठीत सुई घालून पाणी काढलं, सलाइनीतून औषध सुरू केलं आणि मला म्हणाले, "बाई, आता देवाचं नाव घ्या." डॉक्टर असं म्हणाला की माणसाने काय करावं? आपल्या गावच्या नझीराचा जखमी हात तुम्ही त्या शेवटच्या दिवशी तुमचा एप्रन फाडून बांधला होता. ती पट्टी तिने धुतली नव्हती. तिचे बोटभर तुकडे गावात वाटले गेले, त्यातला एक माझ्याकडे होता. तो मी पोरीच्या उशाखाली ठेवला आणि नवस बोलले, "मासेर, हिला सोडवा. वर्षभर तुमचा झगा हिच्या अंगावरून उतरणार नाही."

दुसऱ्या सकाळी तिने पाणी मागितलं.

आपल्याकडे नवस फेडायला पोरांना संत अंतोनियोसचा तपकिरी झगा घालतात, संत रीताचा काळा घालतात. तुमच्या नावाचा हा पहिलाच. पिठाचं पोतं निळीत घालून उजळ केलं, पाठीवर गिरणीचं नाव अजून पुसट दिसतं, पण त्याला इलाज नाही. कमरेला करडा पट्टा आहे. डोक्याला पांढरं कापड, तुम्ही नन बांधता तसंच कानावरून घट्ट. खाली चांगली रुंद दुमड ठेवली आहे, पोर वाढली तरी झगा पुरेल.

मासेर, मी घरातल्या पैशापैशाचं टिपण ठेवणारी बाई. घेतलं ते फेडल्याशिवाय मला झोप येत नाही. म्हणून एकच मागणं. वर्ष नीट पार पडू द्या. मध्ये काही चुकलंच, पोरीने खेळताना झगा काढला, कुणी फाडला, तर ते माझ्या खाती लिहा, तिच्या नको. ताप परत येऊ देऊ नका. मी रोज सकाळी तिच्या मानेला हात लावून बघते. वाकते ना, एवढं बघून मगच चूल पेटवते.

आणखी एक. ती फार शांत झाली आहे. आधी तोंडाचा पट्टा कसा चालायचा, तुम्हीच म्हणायचात, "हिला सुई नको, बूच द्या." आता सांगेल तिथे बसते. जपमाळेच्या वेळी माझ्या ओठांकडे एकटक पाहते. सासूबाई म्हणतात, "झगा मुरला अंगात." मी हो म्हणते.

तुमची मुलगी,
वदीआ


२४ जून १९८४

पूज्य मासेर,

काल गेटवर पहारा करणाऱ्या पोरांचं पत्त्यांच्या डावावरून भांडण झालं. एकाने हवेत गोळ्या झाडल्या. अंगणात सगळी पोरं होती. कुणी बाकाखाली, कुणी आयांच्या झग्यात. उम्म जिर्यससारखी दगडाची बाईसुद्धा किंचाळली.

मातिल्द तुमच्या फोटोपुढे उभी होती. मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखाने काढून गोळी करत होती. तिने मान वळवली नाही. पापणीसुद्धा लवली नाही. गोळ्या थांबल्या तरी ती आपली मेणाची गोळी करतेच आहे.

नझीरा गुडघ्यांवर बसली. तिच्या मागून बाकीच्या बसल्या. कुणीतरी म्हणालं, "मासेर अशाच होत्या. अशाच." आणि मग पटकीच्या वर्षाची गोष्ट निघाली. ती मी लहान असतानाची, तरी मला पाठ आहे. तुम्ही झाहले शहरातून नव्या आलेल्या नन, बावीस-तेवीसच्या. गावात रोज एक प्रेत उठायचं. तुम्ही झऱ्यात पांढरी पूड टाकलीत आणि गावचा कारभारी मुखत्यार बंदूक घेऊन आला, ही बया पाण्यात विष घालते म्हणून. तुम्ही त्याच्यासमोर वाटी भरून प्यालात आणि रिकामी वाटी त्याच्या हातात देऊन म्हणालात, "आता तू. नाहीतर घरी जा, मला कामं आहेत." खालच्या द्रूझ गावातही तुम्ही तीच पूड घेऊन गेलात, तिथे म्हणे शेख स्वतः आधी प्याला आणि वर म्हणाला, "मीठ कमी आहे." मग ऐकता ऐकता सगळ्या रडल्या.

सांगायचं ते हे, की आज सकाळपासून माणसं येतायत. आधी आमच्याच गावची, आता वरच्या मजल्यावरची परकीसुद्धा. एका म्हाताऱ्याने मातिल्दचा तळहात आपल्या डोळ्यांवर ठेवून घेतला. एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. सासूबाईंनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आहे, "एकेकाने या, ढकलाढकली नको." मुलं मात्र मुलंच. तिच्या पाठीमागे ओरडतात, "मासेर, सुई टोच! मासेर, ढुंगण दाखवू का?" ती वळून बघत नाही. लोक म्हणतात, केवढी क्षमा.

मला अभिमान वाटायला हवा. मला भीती वाटते. पाच वर्षांच्या पोरीला एवढी क्षमा कुठून आली? काल संध्याकाळी ती खिडकीत बसलेली, मी मसुरी निवडता निवडता हाक मारली, दोनदा, तीनदा. आली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर अशी दचकली की माझंच काळीज हललं. बंदुकीला जी भ्याली नाही ती आईच्या हाताला भ्याली.

मासेर, तिला फार वर नेऊ नका. मला ती खालीच हवी आहे.

वदीआ


३ ऑगस्ट १९८४

मासेर,

कसं लिहू. आधीच्या दोन पत्रांत मी तुम्हाला स्वर्गवासी केलं होतं. ती तुमच्या हाती कधी पडणार नाहीत, पण तरी आधीच क्षमा मागून ठेवते.

मंगळवारी रेड क्रॉसची गाडी आली. तिचा ड्रायव्हर सलीबा अबूनांना म्हणाला, "तुमच्या गावाहून चिठ्ठी आहे." अबूना म्हणाले, "आमच्या गावात कोण राहिलंय लिहायला?" चिठ्ठी उघडली आणि त्यांना खाली बसावं लागलं. तुमचं अक्षर. तेच, डावीकडे कललेलं, औषधाच्या पुड्यांवर असायचं तसं.

अबूनांनी ती व्हरांड्यात सगळ्यांसमोर वाचली. छप्पर जळालं, तुम्ही तिघांना ओढत तळघरात नेलंत. दोघं पुढे आपल्या मरणाने गेली, खालच्या शेखच्या माणसांनी खड्डे खणले आणि प्रार्थना तुम्ही म्हटलीत. म्हातारा नख्ले जिवंत आहे आणि जेवणाला नावं ठेवतो. आता खालच्या गावातच दवाखाना चालवता. इन्सुलिन हवं आहे, आणि चष्मा, कारण सुईत दोरा ओवता येत नाही.

तुम्हाला वाटत असेल, लोकांनी घंटा वाजवल्या असतील. एकही वाजली नाही. मग उम्म जिर्यस उठली. तुम्हाला ठाऊक नसेल, तिचा मुलगा जिर्यस फेब्रुवारीत द्रूझांच्या गोळीने मारला गेला. ती रोज तुमच्या फोटोच्या काचेला ओठ लावायची, काचेवर तेवढी जागा धुरकट झाली आहे. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पोराला ज्यांनी मारलं त्यांना ही पट्ट्या बांधत होती. आणि मी हिच्याकडे त्याच्यासाठी शांती मागत होते."

अबूना म्हणाले, "उम्म जिर्यस, मासेर जखम बघतात, माणूस बघत नाहीत. तुला माहीत आहे."

"मला माहीत होतं, अबूना. ती मेली होती तोवर चाललं."

फोटो त्याच दिवशी उतरला. अबूनांनी खुशीने नाही, पण उतरवला. म्हणाले, जिवंत माणसापुढे दिवा लावणं चर्चला मान्य नाही, बिशपांच्या कानावर गेलं तर माझी खैर नाही. चौकट काढली तशा चिठ्ठ्या खाली पसरल्या आणि प्रत्येक बाई आपापली शोधायला वाकली, एकमेकींकडे न बघता.

आणि मग सगळ्यांनी मातिल्दकडे पाहिलं. ती तुमचा झगा घालून तिथेच उभी होती.

सासूबाईंनी मला आत ओढलं. "काढ आधी ते. जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्याचा नवस केलास. आता ती नाहीतर पोर, दोघींतली एक जाणार, लिहून ठेव." मी म्हटलं, "अहो, पण पोर वाचली ना?" त्या म्हणाल्या, "कुणी वाचवली? वर कुणी नव्हतंच तुझं ऐकायला. मग ऐकलं कुणी?"

मासेर, तेव्हापासून हाच प्रश्न माझ्या पोटात बसला आहे. मी अंधारात हाक मारली आणि कुणीतरी ओ दिली. ते कोण होतं? आणि ते आता मोबदला मागायला आलं तर?

अबूना म्हणतात, "मी तुला नवसातून मोकळं करतो, मला तो अधिकार आहे." पण हे म्हणताना ते दाराकडे बघत होते. घाबरलेल्या माणसाने दिलेली मोकळीक लागू पडते का? गेटवरची पोरं झग्याकडे बघून थुंकतात. उम्म जिर्यस काल म्हणाली, "तुला काढायचा नसेल तर मी काढते." काढला तर ताप, ठेवला तर ही माणसं. ज्यांच्या नावाने बोलले त्यांनीच सोडवलं तर सुटेन, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. सलीबा पत्र खिशातून नेतो म्हणाला आहे.

पोरीबद्दल सगळं खरं लिहिते म्हणजे तुम्हाला ठरवता येईल. खाते पिते. चालताना कधी भिंतीला धरते. बोलते थोडं, आणि शब्द घोगरे, अर्धे गिळल्यासारखे. इथली निम्मी पोरं अशीच झाली आहेत, लढाईने. बंदुका चालल्या तरी मागे वळून पाहत नाही. पूर्वी तिला तुमची कृपा म्हणायचे, आता भूत म्हणतात. मी काय म्हणू?

फक्त एवढं लिहा की नवस फिटला. दोन शब्द.

वदीआ, तानियोसची

ता. क. चष्मा सासूबाईंचा जुना पाठवते आहे. त्या नको म्हणत होत्या, मग स्वतःच फडक्यात गुंडाळून दिला.


९ सप्टेंबर १९८४

मासेर,

तुमचं उत्तर मिळालं. कितीदा वाचलं सांगत नाही. मी दोन शब्द मागितले होते, ते त्यात नाहीत.

तुम्ही लिहिलंत, "वदीआ, नवसाचं मला विचारू नकोस, मी त्या खात्यात नाही. मार्चमध्ये मी इथे पू भरलेल्या पायांत बुडाले होते, तुझ्या पोरीचं मला ठाऊकही नव्हतं. देवाने ऐकलं असेल तर त्याचे आभार मान, आणि त्या डॉक्टरचेही, त्याने पाठीतून पाणी वेळेवर काढलं. झग्याचं कापड जाड असेल तर अभ्रे शिव." इथवर मी पत्र फाडायच्या बेतात होते. मग खाली, "तुझ्या पत्रातलं मला एकच वाक्य दिसलं. बंदुका चालल्या तरी ती वळून पाहत नाही. तिच्या डोक्याचं फडकं काढ. तिच्या पाठीमागे उभं राहून पितळी ताट बडव. तिला सावली दिसता कामा नये, जमीन हादरता कामा नये. मग मला कळव. या तापाने कान जातात. घाबरून पुढे ढकलू नकोस, तू ढकलशील, मी तुला ओळखते."

मी ढकललं. रविवार होऊन गेला, मग आणखी एक. ताट हातात घ्यायचे आणि भाजी चिरायला बसायचे. तानियोसला म्हटलं, तुम्ही करा. तो म्हणाला, "माझ्याच्याने नाही होणार," आणि कामाच्या शोधात निघून गेला. काम नव्हतंच.

शेवटी ताट कुणी वाजवलं सांगू? उम्म जिर्यसने. ती झगा काढायलाच आली होती, बाह्या सारून. मी दारात उभी, हातात ताट आणि पळी, आणि डोळ्यांतून पाणी. ती म्हणाली, "हे काय नवीन?" मी तुमचं पत्र तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिने ताट माझ्या हातातून घेतलं.

मातिल्द उन्हाकडे तोंड करून भाकरीचा तुकडा झातरच्या मसाल्यात बुडवून खात होती. मी डोक्याचं कापड सोडलं, तिने केस खाजवले आणि हसली. उम्म जिर्यस तिच्या मागे गेली. एकदा वाजवलं. मग जोरात. मग अशी बडवू लागली की वरच्या मजल्यावरून माणसं धावत आली, कुणाला वाटलं हल्ला झाला. पोर भाकरी खात होती. तिळाचा दाणा झग्यावर पडला तो तिने बोटाने टिपून तोंडात टाकला.

उम्म जिर्यसने ताट खाली ठेवलं. पोरीकडे बघत म्हणाली, "माझ्या जिर्यसला चांगलं ऐकू येत होतं. त्याचा तरी काय उपयोग झाला." आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. झग्याला तिने हात लावला नाही.

मासेर, म्हणजे मार्चपासून माझी पोर कुठल्या तरी विहिरीत आहे आणि आम्ही वरून तिची पूजा करत होतो. म्हातारे तिचे हात डोळ्यांना लावत होते आणि ती बघत होती की ही माणसं तोंडं का हलवतात. माझे ओठ बघायची, त्याला मी भक्ती म्हणत होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, दिलं ते परत घेतलं." मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. "जीव दिला आणि कान घेतले, एवढा तोट्याचा धंदा सैतानसुद्धा करत नाही, आता गप्प बसा." नंतर पाहिलं तर त्या मातिल्दला मांडीवर घेऊन तिच्या कानात फुंकर घालत होत्या. पोर खदखदून हसत होती.

आता मला सांगा, पुढे काय. आणि हे सांगताना घाई करा, कारण मी पुन्हा घाबरायला लागले आहे.

वदीआ


१६ ऑक्टोबर १९८४

मासेर,

तुमची दुसरी चिठ्ठी शनिवारी पोचली. बहिऱ्या मुलांची शाळा, लढाईने दोन तुकडे झालेल्या शहराच्या पलीकडच्या भागात, तुमच्या ओळखीची बाई तिथे ओठ वाचायला आणि बोलायला शिकवते. गुरुवारी तुम्ही स्वतः डोंगरावरून उतरून तिथे येणार. "आता आणलीस तर तिचं बोलणं वाचेल. जे शब्द तिच्याकडे अजून आहेत ते विसरायच्या आत आण. वर्षाने आणलीस तर मुकीच आणशील." तुमचं गोड बोलणं काही सुधारलेलं नाही.

येते आहे. पत्र सलीबाजवळ उद्या देईन, माझ्याआधी पोचावं.

तानियोसला आणत नाही. दोन्ही भागांमधल्या नाक्यावर पुरुषांना ओळखपत्रावरचा धर्म बघून बाजूला घेतात, बायका-पोरांना बहुधा जाऊ देतात. बहुधा. काल सलीबाला रस्ता विचारून घेतला. म्हणाला, अलीकडे वाळूची पोती, पलीकडे वाळूची पोती, मधला रस्ता पायी तुडवायचा. दुकानं जळलेली. धावायचं नाही, धावणाऱ्यावर संशय घेतात, रेंगाळायचंही नाही. वरच्या एखाद्या खिडकीत कुणी तरी बंदूक घेऊन बसलेला असतो, कधी असतो कधी नसतो. मी विचारलं, "गोळी सुटली तर?" तो म्हणाला, "बाया ओरडतात, खाली बस. पोरं पटकन बसतात. आपली पोरं शिकलीत आता."

हे ऐकून मी आत आले आणि भांडी घासायला लागले, घासलेलीच.

झग्यावरून घरात दोन दिवस वाद चालला. सासूबाई म्हणतात, "तोच घाल. मासेरकडे चाललीस, मासेरचाच झगा. देव ओळखेल." तानियोस म्हणतो, "देव ओळखेल, पण खिडकीतला तो? पांढरं फडफडतं लांबून दिसतं." अबूना दोघांचं ऐकून म्हणाले, "वदीआ, तूच ठरव," आणि जपमाळ चाचपत निघून गेले. वर्ष व्हायला पाच महिने आहेत अजून. मी देवाला सांगितलं होतं, अंगावरून उतरणार नाही. माझ्या हयातीत मी कुणाचं देणं मध्येच सोडलेलं नाही.

आज सकाळी तो उतरवला. हाताने उतरवताना डोळे मिटून घेतले होते, काही होईल म्हणून. काही झालं नाही. आत पोर एवढीशी निघाली, बरगड्या मोजता येतील अशी. मानेला हात लावून पाहिलं, वाकते. उम्म जिर्यसने एक सदरा आणून दिला, मातकट रंगाचा, भिंतीत मिसळून जाईल असा. कुणाचा ते विचारलं नाही. तिचा जिर्यस लहान असतानाचा असावा, तिने गावाहून येताना भांडी सोडली आणि हेच आणलं असेल. म्हणाली, "बाह्या दुमड. परत आणून दे." मी हो म्हटलं.

नवस मोडला. जे यायचं ते माझ्यावर यावं, हे पुन्हा एकदा सांगून ठेवलं आहे, पण कुणाला सांगितलं ते मला आता नक्की माहीत नाही.

दोन दिवस मी आणि मातिल्द व्हरांड्यात एक खेळ खेळतो आहोत. मी तिचा हात धरून चालते. हात एकदा दाबला की थांबायचं. खाली ओढला की तिथल्या तिथे बसायचं, डोकं गुडघ्यात. तिला तो फार आवडला. इतकं छान बसते, आणि मग वर बघून हसते, पुन्हा कर म्हणून. घोगऱ्या आवाजात म्हणते, "मम्मा, पुन्हा." बाकीची पोरंही खेळायला आली. उम्म जिर्यस खांबाला टेकून बघत होती, म्हणाली, "घट्ट धर. घामाने हात निसटतो." म्हणून हाताला लावायला खडूची पूड घेतली आहे, शाळेत तेवढी एक वस्तू भरपूर आहे.

तुम्ही मला ओळखता म्हणालात. मग हेही ओळखा, की मला धीर आलेला नाही. घरी थांबले तर पोर दिवसेंदिवस मुकी होताना बघायची, एवढीच दुसरी वाट आहे, म्हणून निघते आहे. सकाळची पहिली गाडी नाक्यापर्यंत जाते, तिथून पायी. तुम्ही पलीकडच्या पोत्यांपाशी उभ्या राहाल का? तुम्ही लिहिलंत शाळेत भेटू, पण जमलं तर पोत्यांपाशी या. ती तुम्हाला ओळखेल, फोटोपुढे इतकी उभी राहिली आहे. आणि तुम्ही तिला ओळखाल त्या मातकट सदऱ्यावरून.

मी तिचा हात सोडणार नाही. पण चुकून सुटलाच, आणि ती पुढे गेली, तर मी मागून कितीही ओरडले तरी ती वळणार नाही. म्हणून तुम्ही समोर असा.

वदीआ